नानांची टेकडी

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला असलेले आमचे शेजारी रविवारी दुपारी चहाला यायचे, तेव्हा त्यांच्या खिशात विंडोजच्या जागी घालायच्या फुकटच्या लिनक्सची सीडी असायचीच. "विंडोज म्हणजे भाड्याचं घर, ताई. खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारा!" चहा आमचा, आणि टीकाही आमच्याच कॉम्प्युटरवर. माझे वडील, नाना, मात्र विंडोजच्या पडद्यावरच्या हिरव्या टेकडीच्या चित्राकडे बघत बसायचे. ते मूळचे सटाण्याकडचे, लहानपणी शेळ्या राखलेले. "हाई आमनीच टेकडी शे," एवढंच म्हणायचे.

नाना गेले. पुढे कॉम्प्युटर फारच रखडायला लागला, तेव्हा मीच शेजाऱ्यांना म्हटलं, "घाला एकदाचं तुमचं लिनक्स."

ते सीडी काढून नानांच्या खुर्चीत बसले. टेकडीच्या उतारावर नानांनी सगळे आयकॉन चरायला सोडलेल्या शेळ्यांसारखे पांगवून ठेवले होते. एक मागे रेंगाळलेला, एक पार वर चढलेला. लिनक्स घातलं की हे सगळं पुसलं जाणार, हे शेजाऱ्यांना ठाऊक होतं. मग सीडी परत खिशात गेली.

"राहू द्या, ताई. चालू दे हळूहळू."

पडदा आपोआप काळा झाला. त्यांनी अलगद माउस हलवला आणि टेकडी परत आणली.