चुलीमागे एक नोकरी

परवा पेपरात वाचलं, लांब कुठल्याशा खेड्यात जमिनीखाली लिथियम सापडलंय. बॅटरीत घालतात तो धातू. आता म्हणे तिथे खाण निघणार आणि गावातल्या घरटी एकाला नोकरी मिळणार. मी चहा पिता पिता इतकी हसले की नवऱ्याने विचारलं, "काय झालं गं?" म्हटलं, "त्या गावात आता चुली किती वाढतील, त्याचा विचार करतेय." तोही हसला, पण जरासाच. आमच्याकडे त्या गोष्टीवर कुणीच फार वेळ हसत नाही.

आमच्या डोंगरात लिथियम-बिथियम काही नव्हतं, नुसता काळा दगड होता. ऐंशीचं दशक संपत आलेलं. मी बाळकुमहून लग्न करून शीळफाट्याजवळच्या या गावात आलेले, वर्षही झालं नव्हतं. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत बिल्डिंगी उभ्या राहत होत्या आणि त्यांना खडी लागत होती. एका शेठने आमचा डोंगर भाड्याने घेतला आणि तिथे दगडखाण निघणार असं ठरलं. झालं! बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. ज्याला सायकल येत नव्हती तो डंपर घ्यायच्या गोष्टी करू लागला. एकाने खाणीच्या वाटेवर वडापावच्या गाडीसाठी जागा अडवली, आणि त्याच जागेवर दुसऱ्याला पंक्चरचं दुकान टाकायचं होतं म्हणून दोघांची मारामारी झाली. खाणीतून अजून एक दगड निघाला नव्हता, पण पहिलं डोकं फुटलं ते असं.

मग शेठचा मुकादम आला. देवळापुढे उभा राहून म्हणाला, "घरटी एक नोकरी." मागून कुणीतरी ओरडलं, "घर म्हणजे काय ते सांगा! आमच्यात चार भाऊ एकत्र हाय." मुकादम होता परगावचा. त्याला आमच्या गावाची अक्कल ठाऊक नव्हती. बिचारा सहज बोलून गेला, "एक चूल, एक घर. आठ दिवसांनी येऊन लिहून घेतो."

आठ दिवसांत गावात माती उरली नाही. जिकडे बघावं तिकडे बायका चिखल तुडवतायत. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, आमच्याकडे कोपऱ्याकोपऱ्यात झाल्या. चाळीस वर्षं संसार केलेलं एक जोडपं वेगळं झालं, म्हातारा पुढच्या ओट्यावर आणि म्हातारी मागच्या परसात. एकट्या राहणाऱ्या एका बाप्याने दोन चुली मांडल्या. विचारलं तर म्हणाला, "एक भाताची, एक भाकरीची. माझ्यात नि माझ्यात पटत नाय."

आमच्या घरात आम्ही अकरा माणसं. सासूबाई, त्यांचे तीन मुलगे, आम्ही तिघी सुना आणि मोठ्या दोघींची चार पोरं. सासरे लवकर गेलेले. सासूबाईंनी भातशेती करून, डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरून तीन मुलगे वाढवलेले. त्यांनी आधी साफ सांगितलं, "मी जित्ती हाय तवर या घरात एकच चूल." पण तीन भाऊ आणि नोकरी एक. तिघे जेवताना एकमेकांकडे बघेनात. दोन दिवस हे पाहिल्यावर सासूबाईच म्हणाल्या, "मांडा तीन. पण नाटक हां! मुकादमाची पाठ फिरली की सांजच्याला मोडायच्या. मना सगल्यांनी एका जागी जेवलेलं पायजे." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझी मान जरा खोटी डोलली. खरं सांगते, मला ती चूल मोडायची नव्हती. त्या स्वयंपाकघरात मी तिसरी. मासे साफ करायचे, कांदा चिरायचा, फोडणी थोरल्या जाऊबाईंची. इतक्या महिन्यांत माझ्या हाताचं कालवण कुणी चाखलेलं नव्हतं. मी चुलीला इतकी मन लावून सारवत होते की थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "काय गो, नाटकात पार्ट मिळाला तर रंगात आलीस अगदी!" मी हसून सोडून दिलं.

मुकादम आला तो सकाळी, वही घेऊन. मागे अर्धं गाव तमाशा बघायला. तिन्ही चुली पेटलेल्या. थोरल्या जाऊबाईंच्या चुलीवर डाळ. मधल्या जाऊबाई घाबरून भांड्यात काही घालायलाच विसरलेल्या. मुकादमाने झाकण उचललं तर नुसतं पाणी. "हे काय?" "अंघोलीचं!" त्या म्हणाल्या. "आणि वर झाकण?" "धूर लागतो." सगळे खो खो हसले. मी मात्र भावाने बाळकुमहून आणलेली कोलंबी शिजवलेली. मुकादमाने वास घेतला आणि म्हणाला, "ही एकच चूल खरी वाटते." मला अशी काही चढली म्हणता!

मग त्याने विचारलं, "कुठल्या चुलीवर कोण कोण जेवतं, बोला." थोरले दीर म्हणाले, "मी, बायको, दोन पोरं." मधल्या दिरांनी तेच सांगितलं. माझा नवरा म्हणाला, "मी आन् ही." मुकादमाने लिहिलं आणि पेन उंबऱ्याकडे केलं. तिथे सासूबाई लसूण सोलत बसलेल्या. "आणि आजी? या कुठल्या चुलीवर?"

पाच-सहा दिवस आमची तालीम चाललेली. भांडलो कशावरून, भांडी कुणाला किती, सगळं पाठ केलेलं. त्यांचं नाव कुठे घालायचं ते अकरा जणांत एकालाही सुचलं नव्हतं. दुष्टपणा नव्हता हो! प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याकडे धरलं असेल. थोरल्यांनी मधल्यांकडे पाहिलं, मधल्यांनी माझ्या नवऱ्याकडे, आणि त्याने जमिनीकडे. मला बोलता आलं असतं, "आमच्याकडे." जिभेवर आलेलंही. पण माझ्या डोक्यात 'मी आन् ही' घोळत होतं. माझी चूल आणि आम्ही दोघंच. तेवढ्यात वेळ गेली.

सासूबाई उठल्या. अंगणातून तीन दगड आणून मांडले, माझ्या चुलीतलं जळतं लाकूड ओढून त्यात सारलं. "ही माझी. चौथी. लिव." मुकादम हसायला लागला. "चुलीमागं एक नोकरी ना रं? मग मना दे." गाव ओरडलं, "द्या! द्या!" शेवटी सुरुंग उडवताना रस्त्यावर लाल निशाण घेऊन उभं राहायचं काम त्याने त्यांच्या नावावर लिहिलं. पुढे त्यांनी ते निशाण असं धरलं की शेठची जीपसुद्धा गुमान थांबायची. शेठने हॉर्न दिला तर म्हणायच्या, "वाजव. दगुड काय तुझा हॉर्न ऐकनार नाय."

हे सगळं नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी तिघे भाऊ पहार घेऊन चुली मोडायला आले. थोरल्या जाऊबाईंनी अकरा ताटं मांडली आणि मला म्हणाल्या, "जा, आईंना बोलव." मी अंगणात गेले. त्या तीन दगडांपुढे बसलेल्या. म्हटलं, "आई, चला ना, जेवायला." त्यांनी टोपावरचं झाकण काढून दाखवलं. आत मूठभर भात, एका माणसाचा. एरवी अकरा जणांच्या खाली त्यांच्या हाताला कधी माप येत नव्हतं.

"मोडू नका चुली," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच मला रडू फुटलं. "मुकादम परत बघाय आला तर पोरांच्या नोकऱ्या जातील. आन् वहीत लिवलंय तसंच रावाला पायजे ना?"

मी तशीच उभी. "जा गो," त्या भात कालवत म्हणाल्या, "तुमी दोघंच हाव. तुझा नवरा खोलंबला आसंल."

आणि मी गेले.