कलशातला खोबऱ्या

थोरल्या भावाच्या वास्तुशांतीत मी कलशात हात घातला, हे नातेवाइकांत अजून सांगितलं जातं. घातलाच होता. का घातला, ते मात्र कोणी विचारत नाही.

चाकणजवळ आमच्या शेताच्या बांधावर खोबऱ्या आंबा होता. कोवळा असतानाच खावा, खोबऱ्यासारखा कुरकुरीत, आंबटपणाचं नाव नाही. पंचक्रोशीत दुसरा नव्हता. कोय लावून तीच चव येत नाही, कलमच करावं लागतं. दादाने जमीन गोदामवाल्याला द्यायचं ठरवलं तेव्हा मी एवढंच म्हणालो, झाड ठेवायला सांग. तो म्हणाला, "बघू की." त्याचं "बघू की" मी जन्मभर ऐकलंय.

म्हणून पावसाळ्यात त्या झाडाच्या पाच काड्या आणल्या. दिघीतल्या माझ्या घरापुढे चार पावलांचं अंगण आहे, तिथे रायवळ कोयींची रोपं वाढवली होती. त्यांच्यावर काड्या बांधल्या, हिरव्या प्लास्टिकच्या पट्टीने. चार वाळल्या. एकीने जीव धरला. कंपनीतून आलो की बूट न काढता आधी ती बघायचो. दिवाळीआधी बांधावरचं झाड पाडलं. मला कळवलंसुद्धा नाही. आता खोबऱ्या म्हणजे माझ्या अंगणातली ती वीतभर काडी.

मार्गशीर्षात दादाच्या नव्या बंगल्याची वास्तुशांती. पहिली शिफ्ट करून थेट तिकडे गेलो. पूजा सुरू होती. कलशावर नारळ, भोवती आंब्याची पानं, आणि एका टहाळ्याच्या बुडाशी हिरवी पट्टी.

दादा पाटावरून कौतुकाने म्हणाला, "सकाळी तुझ्याकडनंच आनला. म्हनलं, घरच्या आंब्याचा टहाळा पायजे. वडलांच्या हातचं झाड हाय."

त्याच्या बंगल्यापासून माझ्या दारापर्यंत आंब्याची कितीतरी झाडं आहेत. ज्याने मूळ झाडावर करवत चालवू दिली, त्याला पूजेला मात्र त्याचंच पान हवं होतं. आणि त्याचा भाव खोटा नव्हता, याचाच मला जास्त संताप येतो. खोटा असता तर सरळ शिव्या घातल्या असत्या.

मी पुढे झालो, नारळ उचलून बाजूला ठेवला आणि काडी काढून घेतली. गुरुजी मंत्र म्हणता म्हणता थांबले. वहिनी रडायला लागली. दादा म्हणाला, "आरं, पूजा मोडतोस व्हय? एका पानासाठी?"

"दादा, पान नाही हे. अख्खं झाड आहे," एवढंच बोललो. काडी ओल्या रुमालात गुंडाळली आणि जेवायला न थांबता घरी आलो. त्याच रायवळ रोपाच्या खुंटावर पुन्हा बांधली. आठव्या दिवशी ती काळी पडली.

खालच्या खुंटाला मग रायवळाचेच धुमारे फुटले. आता तो माझ्या डोक्याच्या वर गेलाय. दादा बोलत नाही, मीही नाही. येणारेजाणारे म्हणतात, आंबा छान वाढलाय. दसऱ्याला शेजारपाजारचे तोरणासाठी पानं मागायला येतात. मी म्हणतो, न्या, हवी तेवढी तोडा. त्या झाडावर आता राखण्यासारखं काही नाही.