हळदीचा हात

नारायण पेठेतल्या आमच्या फोटोवाल्याला पिवळ्या उजेडाचा इतका तिटकारा, की चंद्र पिवळा उगवला तर हा त्यालाही परत पाठवील. गळ्यात उजेडाचा रंग मोजायचं मीटर. गिऱ्हाईक बसलं की आधी मीटर बघायचं, कॅमेऱ्यात तो आकडा बसवायचा, मग गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली पांढरं कार्ड आणि शेजारी स्वतःचा तळहात धरून एक फोटो काढायचा. तळहात मनासारखा दिसला तरच पुढचं काम. तोवर कुणी चुळबुळ केली, की "अहो, बोहल्यावर नाही बसलात!"

परवा मी पासपोर्टच्या फोटोसाठी गेलो, तर स्वारी दिव्यांवर उखडलेली. "सगळे दिवे बदलले, तरी उजेड पिवळाच! दुकानदार चोर आहेत."

नुकताच काढलेला माझा फोटो मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिला. कार्ड दुधासारखं पांढरं, माझं थोबाड नेहमीचंच सावळं. त्याचा तळहात मात्र हळदीत बुडवून काढलेला.

"अहो, कार्ड पांढरं आहे," मी कसंबसं म्हणालो. "दिवे बरोबर आहेत."

त्यानं पडद्यावरचं कार्ड पाहिलं. मग दारात जाऊन त्यानं उन्हात हात धरला. मीटरला हातही लावला नाही.

"तुम्हाला कसा दिसतोय?" रंगाबद्दल त्यानं आजवर कुणाला विचारलं नव्हतं.

"पिवळा. डोळेसुद्धा."

त्यानं दुकानाचं शटर ओढलं आणि कुलूप माझ्या हातात दिलं. ते मी लावलं. दवाखाना दोन गल्ल्यांवर, तरी त्यानं स्कूटरची किल्ली माझ्यापुढे धरली.

"तुम्हीच चालवा," तो म्हणाला, "आणि आत माझ्याबरोबर या."