सदरे घातलेली मेंढरं

औरादजवळच्या आमच्या गावात एके काळी पिराप्पाला विचारल्याशिवाय कुणी पेरत नसे. टिटवीनं अंडी उंच बांधावर घातली की खाली ओढ्यात, हे बघून तो पाऊस सांगायचा, आणि ते बरोबर यायचं. पण अलीकडं टिटवीनंच ताळतंत्र सोडलं. अंडी कुठल्याही महिन्यात, एकदा तर थेट शाळेच्या गच्चीवर. पिराप्पाचे अंदाज एकामागून एक आडवे पडले. लोक मात्र त्याला विचारायचे थांबले नाहीत. विचारायचे आणि नेमकं उलटं करायचे.

त्या साली माघातच वैशाखासारखं तापलं. पिराप्पाची मेंढरं जिभा काढून धापा टाकायला लागली. कातरणी होळीनंतरची, पण पिराप्पाला बघवेना. त्यानं सगळा कळप कातरून मोकळा केला आणि पारावर सांगितलं, "थंडी गेली. आता काय ती माघारी येत न्हाई."

हे ऐकून शेजारचा हणमंतप्पा तडक शेतात गेला आणि त्यानं हरभऱ्याच्या गंजीवर ताडपत्री बांधली.

दोन दिवसांनी, भर दुपारी आभाळ काळंठिक्कर झालं आणि लिंबाएवढ्या गारा पडल्या. मागून बोचरं वारं. उघडीबोडकी मेंढरं थरथरत एकमेकांवर कोसळू लागली. पिराप्पा डोक्यावर पोतं घेऊन नुसता उभा.

"मरायलेत गं सगळी," तो म्हणाला.

"मग रडत कामून उभारलाव? शेकोटी पेटवा!" अंबुबाई, त्याची बायको, ओरडली. तिनं सून प्रतीक्षाला घरोघर पिटाळलं. "जुनी कापडं माग. लुगडं, सदरा, काय बी!"

गाव हसलं, पण गावानं दिलं. पुढचे पाय बाह्यांत, गुंड्या पाठीवर, अशी सासू-सुनांनी मेंढरं नटवली. कुणाला शाळेचा गणवेश, कुणाला गणपती मंडळाचा पिवळा टी-शर्ट, एकीला तर जरीकाठाचा झंपर. कळप वाचला. एक म्हातारी मेंढी तेवढी उठली नाही. पिराप्पानं तिला कोकरू असताना बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. तिचं डोकं मांडीवर घेऊन तो बसून राहिला. चहाही घेतला नाही.

सकाळी गारठा होताच. कपडे काढता येईनात आणि चरायला तर न्यायलाच हवं. तशीच वरात गावातून निघाली. ओट्यावर दात घासत बसलेला हणमंतप्पा ताडकन उठला.

"ए पिराप्पा! त्या एडक्याच्या अंगावर माझ्या लग्नातला सदरा हाय!"

आतून त्याची बायको कमलम्मा म्हणाली, "मीच दिला. तुमच्या पोटावर तो कवाच बसंना. त्याला बघा, कसा शोभायलाय!"

एडका ऐटीत पुढं गेला. सगळी आळी हसली. पिराप्पालाही हसू आवरेना, डोळे पुसत पुसत.

पुढच्या साली माघ पुन्हा तापला. पिराप्पानं पारावर चकार शब्द काढला नाही. निम्मीच मेंढरं कातरली.

"ह्ये काय सोंग?" अंबुबाईनं विचारलं.

"निम्मी उन्हाची, निम्मी गारांची."

त्या साली गारा आल्याच नाहीत. लोकरवाली मेंढरं सावलीसाठी कातरलेल्यांच्या पोटाखाली मुंडकी खुपसून उभी राहायची, आणि पाय ओढत कळप काही पुढं सरकेना. शेवटी भर उन्हात पिराप्पा कात्री घेऊन बसला. अंबुबाईनं एकेकीचे पाय धरले.

"पुढल्या साली मला इचारा," ती म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"काहीच न्हाई. तुमच्याइतकंच."