सुमतीकाकूंचा पाइन

दत्ताकाका गेले त्याला दीड महिना झाला. "ताई, बाबा झोपेतच गेले," मुग्धाचा, त्यांच्या मुलीचा, फोन आला तेव्हा मी इथे परदेशात, बॉथेलच्या घरी कणीक मळत होते. आणि मनात पहिला विचार काय यावा? आता पाइनखाली गळलेली सुयांसारखी पानं कोण ओढणार?

काका निवृत्त इंजिनिअर, हट्टीपणात पहिला नंबर. डोंगरापलीकडे त्यांनी पाइनच्या जंगलाचा एक तुकडा घेतला होता. तिथल्या सर्वांत जुन्या पाइनच्या सालीला व्हॅनिलासारखा वास येतो. गाडीतून उतरल्या की सुमतीकाकू आधी त्याला नाक लावायच्या. काकू वारल्यावर आम्ही इथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी त्याच पाइनभोवती फर नावाच्या झाडाची एक्कावन्न रोपं दाटीवाटीनं लावली. नारळ फोडला, फोटो काढले. झाड लावलं की पुण्य, एवढंच आपल्याला ठाऊक.

रोपं डोक्याइतकी उंच झाली तेव्हा जंगलाच्या जाणकार एक बाई येऊन पाहून गेल्या. म्हणाल्या, हे जंगल आगीसोबतच वाढलंय. छोट्या आगी गवत जाळून जायच्या, जाड सालीचे पाइन उभे राहायचे. माणसांनी प्रत्येक आग विझवली आणि जंगल गुदमरलं. आता ही रोपं पेटली तर ज्वाळा त्यांच्यावरून शेंड्यापर्यंत चढतील, जुना पाइनही जाईल.

काकांनी करवत काढली. मी भडकले. "काकूंच्या नावाची झाडं तोडता? काही वाटतं का?"

"अगं, करायला गेलो एक आणि झालं भलतंच," काका शांतपणे म्हणाले. "मिस्टेक माझीपण आहे. तिला पाइन आवडायचा. रोपं आपल्याला आवडली."

सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसानं एक्कावन्नच्या एक्कावन्न रोपं स्वतः कापली. शेवटच्यापाशी बराच वेळ बसून राहिले... मी करवतीला हात लावला नाही, नुसता थर्मासमधला चहा दिला. त्याची मला अजून लाज वाटते.

मग परवाना काढून, माहितगार माणसं बोलावून, जमिनीलगत आग लावली. आदल्या दिवशी काकांनी बुंध्याभोवतीचा सुयांचा थर दंताळ्यानं ओढून मोकळं रिंगण केलं. तो थर धुमसत राहिला तर मुळं भाजतात. आगीत बुंधा काळवंडला, पण पाइन जगला. पुढे दर ऑक्टोबरला काका ते रिंगण करत.

पुढच्या आठवड्यात तिथे पुन्हा आग लावायची आहे. मुग्धानं दंताळं माझ्या हातात दिलं, म्हणून परवा मी एकटीच गेले. रिंगण करता करता हात सोलवटले. मग कुणी बघत नाही ना, हे पाहून काळ्या सालीला नाक लावलं.

काका, येतोय हो वास.