साडूंची पानावरची हरकत

अर्जदार : मी स्वतः, धंदा अर्जलेखन, बसण्याचे ठिकाण इस्लामपूर तहसील कचेरीच्या आवारातील चिंचेखाली. सामनेवाले : माझे थोरले साडू, फौजेच्या रसद खात्यातून निवृत्त हवालदार, राहणार पलूस. साक्षीदार : माझी पत्नी, तिची थोरली बहीण म्हणजे सामनेवाल्यांची पत्नी, आणि उभय घरच्या नात्यागोत्यातील जेवणारी समस्त मंडळी. घटनेची तारीख : कोणतीही एक सांगता येत नाही, ज्या ज्या दिवशी चार माणसे सामनेवाल्यांसोबत पंगतीस बसली, ते सर्व दिवस समजावेत. मी आजवर बांधाच्या, वाटेच्या, पाण्याच्या आणि नवराबायकोच्या असंख्य तक्रारी लिहिल्या. परंतु पानात वाढलेल्या पदार्थाला 'तू मूळचा कुठला, ते आधी सांग' असे दरडावणारा इसम उभ्या सातारा-सांगलीत दुसरा नाही, हे मी जबाबदारीने नमूद करतो.

सदर इसमास हा नाद फौजेत लागला. रसदीच्या पोत्यांवर बसून, हाती लागतील ती जुनी पुस्तके वाचता वाचता त्यांना असे कळले की बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, मिरची, मका ही सर्व मंडळी समुद्रापलीकडून गलबतात बसून आपल्याकडे आली. सामान्य माणसाने हे वाचले असते आणि सोडून दिले असते. साडूंनी ते मनाला लावून घेतले. एका एकादशीला माझ्या पत्नीने त्यांच्यापुढे साबुदाण्याची खिचडी ठेवली. "दाजी, उपासाचं हाय, घ्या," ती म्हणाली. साडूंनी बशी फिरवून चारी बाजूंनी पाहिली. "उपासाचं हाय, पर देवाच्या वळखीचं न्हाई. साबुदाना भायेरचा, शेंगदाना भायेरचा, बटाटा भायेरचा, मिरचीबी भायेरचीच. देवाला वाटंल, ह्यो फराळ सायबानं धाडला." पत्नी म्हणाली, "मग तुमी नुसतं मीठ चाटा." त्यावर साडूंनी मीठ जुने असल्याचा निर्वाळा दिला आणि दोन बशा खिचडी खाल्ली. खाण्यास त्यांची हरकत कधीच नसे. हरकत असे ती खोट्या वंशावळीला.

तसेच भावकीतले एक वयोवृद्ध आबा बागेतले सीताफळ पुढे करून म्हणाले, "सीतामाईनं वनवासात हेच खाल्लं." साडू अत्यंत नम्रपणे म्हणाले, "आवं आबा, तवा ह्ये फळ आपल्या मुलखात नव्हतंच."

"तू बघाय गेलतास व्हय रं?"

"न्हाई. पर तुमीबी न्हवता की."

पुढे आबांनी आपल्या हयातीत साडूंना सीताफळ दिले नाही.

येथवरचा प्रकार हसण्यावारी नेता आला असता. परंतु साडूंना एकुलती एक कन्या आहे. तिला पाहण्यास आलेल्या पहिल्याच पाहुण्यांनी 'कांदेपोहे म्हणजे आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत' असे सहज उद्गार काढले. साडूंनी पोह्यांतला एक शेंगदाणा चिमटीत धरला आणि त्याचा प्रवास बंदरापासून सांगण्यास सुरुवात केली. तो शेंगदाणा घाटमाथ्यावर पोचण्याच्या आत पाहुणे उठले. मुलगी हातात चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारातच उभी राहिली.

दुसरे स्थळ मुलीने स्वतःच पसंत केले होते. मुलगा तिच्याबरोबर कराडला शिकलेला. दोघांचे मन जुळलेले, घर चांगले. अडचण एवढीच की मुलाच्या वडिलांचे कराडजवळ हमरस्त्यावर हॉटेल आहे आणि तेथील 'मावळा थाळी' प्रसिद्ध आहे. दारात भाला धरलेला पुतळा, वर पाटी : 'गडावरचं जेवण जसंच्या तसं'. थाळीत बटाट्याची भाजी, टोमॅटोचे सार, शेंगदाण्याची चटणी. लग्नाच्या याद्या, म्हणजे देण्याघेण्याचा लेखी ठराव, त्याच हॉटेलात व्हायच्या होत्या, आणि माझे अक्षर सर्वमान्य असल्याने लेखनास मी होतो. गाडीत मुलगी बापाला म्हणाली, "आण्णा, आजच्या दिस फकस्त गप जेवा. माझ्यासाठी."

"जेवतो की."

"गप."

"बरं, बाय."

व्याही स्वतः वाढत होते. "घ्या पावणं! ह्ये खाऊनच मावळं गड चढत हुतं!" साडूंचे कान लाल झालेले मी पाहिले. त्यांनी भाकरी मोडली आणि मान खाली घातली. तेवढ्याने भागले असते; पण व्याह्यांनी मोबाईल काढला. "तुमी जुन्या खान्याचं जानकार म्हनं. दोन शब्द बोला, हाटेलात लावतो. थाळी अस्सल जुनी हाय, येवढंच."

माझी लेखणी 'मानपान' या शब्दावर थांबली. मुलगी बापाकडे पाहत होती. साडूंनी घसा साफ केला आणि पानावरून सावकाश बोट फिरवले. "ही भाकरी. लय जुनी. ह्यो कांदा, जुना. ताक जुनं. मीठ तर पंज्याच्या पंज्यापरास जुनं." मग बोट भाजीपाशी येऊन थबकले.

"आन् भाजी?" व्याह्यांनी विचारले.

"भाजी," साडू म्हणाले, "चवीला झकास हाय."

टाळ्या पडल्या. याद्या झाल्या. लग्न थाटात पार पडले.

याद्यांच्या दिवशी परतीच्या वाटेवर मी साडूंची पाठ थोपटली होती. म्हटले, जबानीत एक अक्षर खोटे नाही, कोणत्याही कोर्टात टिकेल. ते खिडकीबाहेर उसाकडे पाहत म्हणाले, "तुमच्या धंद्यात चालत आसंल त्ये, साडू."

तो व्हिडिओ आता हॉटेलात दिवसभर चालतो. गिऱ्हाईक भाजीवर ताव मारते आणि म्हणते, एवढा जाणता माणूस सांगतोय. साडू मात्र त्या दिवसापासून पानावर बोललेले नाहीत. परवा आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा पत्नीने मुद्दाम मक्याची उसळ केली आणि वर डिवचले, "दाजी, ही आपल्या वाडवडलांची उसळ बरं का!" पंगत थांबली. आम्ही सर्वांनी वाट पाहिली.

"आसंल," साडू म्हणाले, आणि जेवू लागले.

त्या उसळीला काहीही चव नव्हती. मीठ बरोबर होते, मी तपासले.

काल कराडहून मुलीचा फोन आला. "काका, आण्णा म्हायेरीबी गप, हितं आलं तरी गप. मी येकाच दिसापुरतं म्हनलं हुतं वो. तुमी समद्यांचं अर्ज लिवता, माजाबी येक लिवा की."

सबब हा अर्ज. सामनेवाल्यांना विनंती की, कन्येने घातलेली मनाई त्याच दिवशी सूर्यास्तास संपली असून ती पुढे चालू नाही, याची नोंद घ्यावी. येत्या रविवारी सहकुटुंब आमच्या घरी जेवणास यावे. आणि पानात जे जे वाढले जाईल त्यावर पूर्वीप्रमाणे हरकत घ्यावी. लेखी उत्तराची आवश्यकता नाही. तोंडी द्यावे, आणि शक्यतो पहिल्या घासालाच द्यावे. मंडळी हात धुऊन वाट पाहत बसतील.