लांबच्या रस्त्याचा ऑटोवाला

उटनूरला दारू सोडवायचा दवाखाना सुरू झाल्यापासून आमच्या गावचा एक ऑटोवाला दर मंगळवारी तिथं पेशंट नेतो. कोणी यायला नाही म्हणालं, की हा त्याच्या दारात बसून बेसूर भजनं म्हणतो. शेवटी बायकोच नवऱ्याला ऑटोत ढकलते. वाटेत दारूचं दुकान लागतं, म्हणून तो चार किलोमीटर लांबच्या कच्च्या रस्त्यानं जातो.

परवा शाळा सुटल्यावर उटनूरला जाताना त्याच्या ऑटोत मी एकटाच होतो. तरी त्यानं ऑटो कच्च्या रस्त्याला घातला.

“आज पेशंट नाही ना बाप्पा? मंग सरळ काऊन नाही जात?” मी विचारलं.

“एक हाये ना, गुरुजी,” तो म्हणाला. “तोच ऑटो चालवून राह्यला.”

मी समोरचा दांडा घट्ट धरला.